सर्व्हर डाऊन नाही, पंखा कोंडलाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुरी निघाल्या, हरभरा सोंगून खळ्यावर आला आणि दुपारी कूलर उतरवून पुसावा असे ऊन पडू लागले. दरवर्षी याच सुमारास गावोगावचे कॉम्प्युटर रुसायला लागतात. सकाळी मशीन नीट चालते, दुपारी दोनला आपोआप बंद पडते. सातबाऱ्यासाठी आलेला माणूस ताटकळतो आणि दारावर पाटी लागते, ‘सर्व्हर डाऊन’. सर्व्हर कधी कधी खरेच डाऊन असतो, त्याबद्दल वाद नाही. पण पुष्कळदा डाऊन झालेला असतो तो टेबलाखालचा डबा, आणि त्याच्या पोटात वर्षभराची धूळ कोंबलेली असते.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी हार्डवेअरचे काम करणारी माणसे. आमच्या धंद्यातली एक खोड आधीच कबूल करतो. मशीन बंद पडते म्हटले की पहिला सल्ला ‘फॉर्मेट मारून घ्या’, दुसरा ‘रॅम वाढवा’, तिसरा ‘एसएमपीएस बदला’, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. या तिन्हींचे पैसे होतात, धूळ झटकण्याचे फारसे होत नाहीत. खेड्यातला डेस्कटॉप उन्हाळ्यात धापा टाकत असेल तर आधी तो उघडून पंख्याखालची धूळ काढावी, मगच दुसरा खर्च करावा, एवढेच आमचे म्हणणे. बाकीचे पत्र ते कसे करायचे यासाठी.

ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो ते कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य पाटीवर, पावणेचार-चार सेंटिमीटरचा चौकोन असतो. घरगुती डेस्कटॉपचा प्रोसेसर बहुधा ६५ वॉटच्या आसपासचा. जुन्या पिवळ्या ६० च्या बल्बाला हात लागला की चटका बसायचा, तेवढी उष्णता या चौकोनातून निघते. ती काढून घ्यायला त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, तो हीटसिंक, आणि त्याच्यावर पंखा. हा पंखा थंडावा तयार करत नाही, खोलीतलीच हवा पात्यांमधून ढकलतो. म्हणून प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंश वरच राहणार. समजा जानेवारीत खोली २५ अंश आणि काम करताना प्रोसेसर ६५. फरक ४० चा. मे महिन्यात टिनाखालची खोली ४२ झाली तर तोच फरक धरून प्रोसेसर ८२, अजून चालण्यासारखे. आता पात्यांत धूळ बसून फरक ४० चा ६० झाला असे धरा. जानेवारीत ८५, कोणाला कळतही नाही. मेमध्ये १०२. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आणि एएमडीचे बरेच त्याच्या थोडे आधीच आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर जळण्याऐवजी मशीन बंद करून टाकतात. धूळ हिवाळ्यात बसलेली असते, इंगा दाखवते ती नवतप्यात, मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत.

शहरातल्या एसी खोलीसाठी ‘वर्षातून एकदा सफाई’ हा सल्ला ठीक आहे, आपल्याकडे तो चालत नाही, कारण आपली धूळ वेगळी आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सोयाबीनचे हडंबे, म्हणजे मळणीयंत्रे, चालतात आणि कुटाराची बारीक भुकटी अख्ख्या गावावर तरंगते. मग कापूस. घरात कापूस साठवलेला असला किंवा जिनिंग जवळ असली की हवेत तंतू असतात, आणि आमच्या मते सगळ्यांत वाईट तेच. माती पात्यांमधून निम्मी तरी निघून जाते. तंतू मात्र पात्यांच्या तोंडावर आडवा अडकतो, त्यावर दुसरा, आणि काही आठवड्यांत घोंगडीसारखा थर विणला जातो. मग मागून आलेली सगळी माती त्यातच अडकते. गोंदिया-भंडाऱ्याकडे राईस मिलचा कोंडा आणि राख, कोराडी-खापरखेडा-चंद्रपूरच्या वीज केंद्रांभोवती उडणारी राख, वणी-घुग्घुस-उमरेडकडे कोळसा. राख इतकी बारीक की पंख्याच्या बेअरिंगपर्यंत जाते आणि तिथे घासकाम करते. स्वयंपाकघराला लागून टेबल असेल तर फोडणीचे तेल आणि चुलीचा धूर मिळून हीच धूळ चिकट होते, आणि चिकट धूळ फुंकरीने निघत नाही.

यात कूलरची भर. कूलरमुळे खोली बरीच उतरते, म्हणजे कॉम्प्युटरला त्याचा फायदाच आहे. पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवले की ओली हवा आणि कोरडी धूळ पात्यांवर एकत्र येतात आणि लिंपण तयार होते. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर पात्यांवर पांढरे क्षारही धरतात. शिवाय ओली धूळ मदरबोर्डावर वीज वाहू देते, कोळशाची असेल तर जास्तच. कूलर एका खिडकीत असेल तर कॅबिनेट त्याच्या समोर ठेवू नका, बाजूच्या भिंतीला ठेवा, आणि हवा बाहेर जायला दुसरी खिडकी किंवा दार उघडे असू द्या. कोंडलेल्या खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

धुळीचाच त्रास आहे की आणखी काही, हे उघडण्याआधी ओळखता येते. मशीन सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटे चांगले चालते, मग पिठाच्या गिरणीसारखा आवाज चढतो, माऊस अडखळतो आणि एकदम काळोख. लगेच बटण दाबले तर पुन्हा दोन मिनिटांत बंद. अर्धा तास थांबून सुरू केले तर परत वीस मिनिटे चालते. ही खूण धुळीची. लाईन डोळा मारते त्याच क्षणी मशीन बंद पडत असेल तर दोष डीपीकडून येणाऱ्या व्होल्टेजचा किंवा यूपीएसच्या बॅटरीचा, तिथे ब्रश चालवून उपयोग नाही. एखादाच प्रोग्रॅम उघडला की अडकत असेल तर हार्डडिस्क किंवा सॉफ्टवेअर पाहा. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डावरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला. झाकण उघडणारच आहात तर तोही बदलून घ्या, स्वस्तातले काम आहे.

तापमान आकड्यात पाहायचे तर मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा. ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ नावाच्या पानावर सीपीयूचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण विसावत नाही, त्यामुळे इथला आकडा रिकाम्या विंडोजपेक्षा थोडा जास्तच येतो, त्याला घाबरू नका. खोलीपेक्षा २०-२५ अंश वर असेल तर बरे. हा फरक ४० च्या पुढे असेल, किंवा नुसते बघत बसलात तरी दर काही सेकंदांनी चढतच असेल, तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली. आकडा कागदावर लिहून ठेवा, सफाईनंतर ताडून पाहता येईल.

सामान घरचेच पुरते. एक इंच रुंदीचा मऊ केसांचा रंगाचा ब्रश, नवा, रंग न लागलेला. एक जुना टूथब्रश, फुल्लीचा पेचकस, कान साफ करायच्या काड्या, सुती फडके, पांढरे खोडरबर. हाताने धरायचा विजेचा ब्लोअर मिळाला तर उत्तम. बऱ्याच मोटर वाइंडिंगवाल्यांकडे आणि गॅरेजात तो असतो. नसेल तर सायकलचा हातपंपही चालतो, दोघे लागतात एवढेच. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप मात्र कॅबिनेटवर धरू नका. त्याचा दाब ट्रकच्या टायरसाठी असतो, आणि टाकीत साचलेले पाणी आणि तेल हवेबरोबर फवारले जाते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचे प्लास्टिकचे तोंडही बोर्डाला लावू नये. धूळ ओढताना त्यावर स्थिर वीज चढते आणि रॅमसारख्या नाजूक भागाला ती पुरते. डब्यातली दाबलेली हवा तालुक्याला सहसा मिळत नाही. मिळाली तर डबा उभाच धरायचा, आडवा केला की आतला गार द्रव बाहेर येतो, आणि तो वायू बहुधा पेट घेणारा असतो.

मशीन नेहमीसारखे बंद करा, मागच्या एसएमपीएसचा खटका बंद करा, वायर यूपीएसमधून ओढून काढा. यूपीएस बॅटरीवर चालतो, भिंतीचे बटण बंद केल्याने काही होत नाही. त्यानंतर कॅबिनेटचे पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी उतरते. मागच्या सगळ्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढा. नंतर कोणती कुठे हे आठवत नाही, भल्याभल्यांना आठवत नाही. कॅबिनेट अंगणात किंवा ओसरीवर न्या, सावलीत. तोंडाला दुपट्टा बांधा, पहिल्या फुंकरीला निघणारा लोट छातीत घेण्यासारखा नसतो.

समोरून पाहिले तर डाव्या हाताची बाजू उघडते. मागचे दोन स्क्रू काढा, पत्रा मागे सरकवा. स्क्रू वाटीत ठेवा. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला एकदा स्पर्श करा आणि मधूनमधून करत राहा. आपल्या कोरड्या हवेत, विशेषतः टेरिकॉटच्या कपड्यात, अंगावर स्थिर वीज असते. बोट लावल्यावर चट् होत नाही म्हणजे ती नाही असे नव्हे. आपल्याला जाणवायच्या कितीतरी आधी ती चिपला जाणवते.

कॅबिनेट आडवे टाका, मदरबोर्ड खाली आणि उघडी बाजू वर. आता मुख्य काम, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. पंख्याची पाती पुसली, ती काळीभोर चमकली, की सफाई झाली असे वाटते. पाती पुसणे गरजेचेच आहे. त्यांच्या पुढच्या कडेवर धुळीची धार बसते, सगळ्या पात्यांवर ती सारखी नसते, पंखा डगमगतो आणि बेअरिंग खाते. पण हवा अडते ती पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या तोंडावर. पंख्यातून टॉर्च मारा. हीटसिंकच्या पात्यांच्या फटी दिसण्याऐवजी करड्या रंगाची घोंगडी दिसली तर तीच चोर. पंखा जागेवर ठेवून वरून नुसता ब्लोअर मारला की ही घोंगडी आणखी आत दाबली जाते.

म्हणून पंख्याचे एक पाते बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने अडवून धरा. ब्लोअरने तो फिरला तर आपल्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो आणि त्याचे बेअरिंग तेवढ्यासाठी केलेले नसते. वाऱ्यावर पंखा गरगर फिरवण्याची मजा पोरांना फार, तेवढी तरी आवरावी. पाती धरलेली असताना लांब केसांचा ब्रश पंख्याच्या पात्यांच्या मधून खाली घाला आणि हीटसिंकच्या तोंडावरचा थर उचकटा. केस कमी पडले तर टूथब्रशचे टोक. थर सुटला की ब्लोअर वरून नव्हे, बाजूने धरा, वीतभर अंतरावरून, आणि हीटसिंकच्या पात्यांच्या खालून वर, म्हणजे धूळ ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर जाईल. दोन-तीन वेळा ब्रश, दोन-तीन वेळा हवा. पुन्हा टॉर्च मारा. फटींतून खालचा धातू चमकला की झाले.

काही हीटसिंकवरून पंखा वेगळा निघतो. चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात किंवा प्लास्टिकचे आकडे. तसे असेल तर पंखा सोडवून घ्या, काम पाच मिनिटांत होते आणि हीटसिंकखालच्या पेस्टला (तिच्याबद्दल पुढे) हात लागत नाही. आकडे मात्र वर्षानुवर्षे तापून कडक झालेले असतात, जोर लावला की तुटतात. एक जरी तुटला तरी पंखा थरथरतो. आधी आकडे कुठे अडकलेत ते नीट पाहा, न जमल्यास वरूनच ब्रश चालवा.

हीटसिंक मुळातूनच उपटायचा मोह टाळा. तो आणि प्रोसेसर यांच्या मध्ये थर्मल पेस्ट असते, जोड सुटला की ती जुनी पेस्ट पुन्हा धरत नाही. म्हणजे नवी पेस्ट हाताशी असल्याशिवाय हीटसिंक काढायचाच नाही. सफाई करूनही तापमान उतरले नाही, किंवा मशीन सहा-सात वर्षांचे आहे आणि कधीच उघडलेले नाही, तर काढणे योग्य. इंटेलच्या नेहमीच्या हीटसिंकला चार काळे किंवा पांढरे खुंट असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर बाण कोरलेला असतो. पंख्याची वायर मदरबोर्डावरून काढा, पेचकसाने प्रत्येक खुंट बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. एएमडीच्या बऱ्याच जुन्या बोर्डांत प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात आणि तो खाचेत नुसता पकडलेला असतो. पेस्ट वाळून सिमेंट झाली असेल तर हीटसिंक ओढताना प्रोसेसरही सोबत उखडतो आणि पिना वाकतात. म्हणून एएमडीचे मशीन आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करा, मग वर सांगितल्याप्रमाणे वीज उतरवा, आणि हीटसिंक सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे पिळा. सैल झाला की उचला.

जुनी पेस्ट फडक्याने पुसा, उरलेली आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. रॉकेल, पेट्रोल, काच पुसायचा फवारा, काही नको, मागे तेलकट थर राहतो. नव्या पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका प्रोसेसरच्या मधोमध. बोटाने पसरू नका, हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. पेस्टचे काम दोन धातूंमधल्या केसाहून बारीक खाचा भरणे, कारण त्या खाचांतली हवा उष्णता अडवते. पोळीला तूप माखावे तशी चोपडली तर ती स्वतःच जाड थर होऊन बसते आणि कडेने मदरबोर्डावर उतरते. टूथपेस्टचा उपाय मोबाईलवर फिरत असतो. ती काही दिवस चालते खरी, पण तिच्यातले पाणी उडाले की मागे खडू उरतो. उन्हाळ्यात तो आणखी लवकर उरतो.

परत बसवताना खुंट आधी बाणाच्या उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरचे दोन, नंतर उरलेले दोन, असे दाबा. प्रत्येकाचा ‘खट्’ आवाज आला पाहिजे. खुंट फिरवलेल्या अवस्थेतच दाबले तर आत जातात पण धरत नाहीत, आणि एक जरी उचललेला राहिला तर हीटसिंक तिरका बसतो, मशीन मिनिटभरात तापून बंद. सफाईनंतर त्रास वाढला असे जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा हाच खुंट निघतो. चारही बसल्यावर हीटसिंक बोटांनी हलवून पाहा, डुलला नाही पाहिजे.

एसएमपीएस, म्हणजे जिथे वीज येते तो बंद डबा, उघडू नये. आपली २३० व्होल्टची लाईन त्यात शिरल्यावर ३०० च्या वर डीसी होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली राहते. प्लग काढल्यावरही ती काही वेळ आत असते, आणि डबा खराब झालेला असेल तर किती वेळ हे सांगता येत नाही. बाहेरच्या जाळीतून पंखा काडीने अडवा, ब्रशने जाळी मोकळी करा, ब्लोअरने हवा द्या. आत पाल गेलेली असते, कुंभारीण माशीने जाळीत मातीचे घर बांधलेले असते. घर बाहेरून निघाले तर काढा, आत पाल मेलेली दिसली किंवा जळका वास आला तर तो डबा सरळ कारागिराकडे द्या.

मग कॅबिनेटचा मागचा पंखा, पुढची जाळी आणि ग्राफिक कार्ड असेल तर त्याचा पंखा. पुढच्या प्लास्टिकच्या तोंडामागे केवढा कचरा असतो हे ते काढून पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि तिथेच अडले तर आतले पंखे रिकामी हवा घुसळत राहतात. शेवटी तळाला पडलेली धूळ बाहेर.

रॅमचे काम इथेच उरकते. दोन्ही टोकांचे चिमटे उघडा, पट्टी वर काढा, तिच्या सोनेरी दातांवर पांढरे खोडरबर हलके फिरवा, कण फडक्याने झटका, खाच जुळवून परत दाबा, चिमटे आपोआप मिटले पाहिजेत. सफाईनंतर मशीन बीप-बीप करते आणि पडदा काळा राहतो, त्याचे कारण दहांतून नऊ वेळा हेच, रॅम पुरती बसलेली नाही. ‘सीपीयू फॅन एरर’ असे आले तर पंख्याची वायर मदरबोर्डावर लावायची राहिली किंवा दुसऱ्या जागी लागली. तिथे एफ १ दाबून पुढे जाऊ नका. टिक-टिक आवाज येतोय म्हणजे एखादी सैल वायर पात्यांना लागते, तिला बाजूला बांधा.

पंखा साफ आहे तरी घरघरतो, किंवा सुरू होताना बोटाने ढकलावे लागते, तर त्याचे तेल वाळले. ज्या बाजूला वायर आत जाते, त्या न फिरणाऱ्या बाजूचे गोल स्टिकर अर्धे उचला. खाली रबरी बूच असेल तर काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, फार तर दोन. फिरणाऱ्या बाजूच्या स्टिकरखाली काही नसते, ते उगाच खरवडू नका. खोबरेल थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. गंज सोडवायचा फवारा मारला तर आतले उरलेसुरले तेलही धुऊन जाते. तेलाने पंखा काही महिने ओढतो, तेवढ्यात तसाच नवा घ्यावा. मोजमाप मिलिमीटरमध्ये, ८०, ९२ किंवा १२० असते, जुना पंखाच सोबत न्यावा. प्रोसेसरच्या पंख्याला चार पिनांची वायर असेल तर नवाही चार पिनांचाच मागा. तीन पिनांचा बहुधा चालतो, पण मग तो गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करेलच असे नाही.

लॅपटॉपबद्दल थोडेच. त्याची घोंगडी पंखा आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये असते. बाहेरून हवा मारली तर ती उलटी पंख्यात जाते, म्हणून खालचे झाकण उघडावेच लागते. ज्याने कधी केले नाही त्याने आमच्यासारख्याकडे द्यावा. तोवर गादीवर, गोधडीवर ठेवून चालवू नये, खालची जाळी बुजते.

आता जागा. सारवलेल्या जमिनीवर कॅबिनेट ठेवले तर झाडताना उडालेली सगळी धूळ त्याच्याच तोंडात. किमान एक-दीड फूट उंच, स्टुलावर किंवा चार विटांवर फळी टाकून ठेवा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. कापडी झाकण चांगले, पण मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी. चालू मशीनवर झाकण घालणारी घरे अजून आहेत. गरम होते म्हणून बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवणे हाही उपाय नव्हे. चार दिवस बरे वाटते, मग उंदीर, पाल आणि दुप्पट धूळ. पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या जाळीचा एक पदर लावता येतो, तंतू बाहेर अडकतो. पण तो दर आठवड्याला झटकायचा. झटकणार नसाल तर लावूच नका, कारण कोंडलेली जाळी नसलेल्या जाळीहून वाईट.

आमच्या हिशोबाने आपल्या भागात वर्षातून दोन मोठ्या सफाया लागतात. एक दिवाळीनंतर, सोयाबीनची मळणी संपून घराची रंगरंगोटी उरकल्यावर. आधी केली तर चुन्याची धूळ पुन्हा आत जाते. दुसरी होळी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान, तूर-हरभरा निघाल्यावर आणि ऊन चढण्याआधी. जिनिंग, राईस मिल किंवा कोळशाच्या रस्त्याला लागून असाल तर महिन्याला एकदा पत्रा काढून नुसता ब्रश.

घराचे घरमालक बघतील. शाळांची आणि ग्रामपंचायतींची अडचण वेगळी. तिथे मार्चअखेर नवे मशीन घ्यायला तरतूद सापडते, पण जुन्या दहा मशीन झटकायला ब्लोअर घ्यायची नोंद कुठल्या शीर्षाखाली करायची हे कोणाला ठाऊक नसते. मशीन ‘नादुरुस्त’ म्हणून कोपऱ्यात जाते, त्यावर टेबलक्लॉथ पडतो, वर ट्रॉफी. अशा कित्येक मशीन नुसत्या सफाईने उठतील. शिक्षण विभागाने आणि पंचायत समित्यांनी एक ब्लोअर आणि दोन ब्रश केंद्रशाळेला द्यावेत, कॅबिनेटवर सफाईच्या तारखेची चिठ्ठी चिकटवायची सक्ती करावी. सेवा केंद्रांनाही जूनचे दाखले आणि जुलैची पीक विम्याची गर्दी येण्याआधी, मे महिन्यातच, एक सकाळ मोकळी ठेवता येईल. त्या रांगेत उभा असलेला माणूस वावरातले काम टाकून आलेला असतो.

पत्र होळीच्या आधी छापता आले तर बरे, सफाई नवतप्यापूर्वी उरकेल.

आपले,
तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्ती करणारे काही जण,
यवतमाळ जिल्हा